स्थळ

लग्नासाठी सांगून आलेल्या माणसाला आपण ‘स्थळ’ म्हणतो. माणसाला जागेचं नाव. लहानपणी हा शब्द मला फार कोरडा वाटे. मावशीच्या लग्नाची बोलणी चालू असताना तो घरभर ऐकू यायचा, आणि मला वाटायचं, तिच्यासाठी कुणी माणूस शोधत नाहीयेत, तिची कुठे तरी बदली करताहेत. पुढे पुष्कळ वर्षांनी ‘फीबी ज्युनियर’ वाचली, तेव्हा या शब्दाच्या पोटात केवढं काय मावतं ते उमगलं.

मार्गारेट ऑलिफंट यांची ही कादंबरी १८७६ सालची. कार्लिंगफर्ड या कल्पित इंग्लिश गावावर त्यांनी ज्या कथा-कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतली ही शेवटची. आज ती फारसं कुणी वाचत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फीबी बीचम ही लंडनमधल्या एका सुखवस्तू चॅपलच्या धर्मोपदेशकाची मुलगी. शिकलेली, टापटिपीची, चारचौघांत न अडखळता बोलणारी. पण चॅपल म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या बाहेरचा पंथ. ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारं या लोकांना पुरती उघडली ती १८७१ च्या कायद्यानं, म्हणजे कादंबरीच्या जेमतेम पाच वर्षं आधी. त्यात फीबीचं आजोळ दुकानदाराचं. आजोबा टोझर यांनी कार्लिंगफर्डमध्ये आयुष्यभर लोणी, चीज आणि बेकन विकलं. आता ते दुकानातून निवृत्त होऊन ग्रेंज लेनमधल्या बड्या लोकांच्या वस्तीत राहायला आले आहेत, पण बोलणं-चालणं तेच आहे. आजी आजारी पडते. सेवेला कुणी तरी जायला हवं. आईबापांचं मन कचरतं, कारण जे इतकी वर्षं मुलीच्या नजरेपासून लांब ठेवलं ते आता तिला दिसणार. फीबी म्हणते, मी जाते.

स्टेशनावर आजोबा तिला घ्यायला येतात. जुनाट, कळकट कपड्यांतला, दुकानाची सारी हयात अंगावर वागवणारा म्हातारा. आजोळ कसं आहे याची फीबीला कल्पना होती. पण कल्पना असणं आणि फलाटावर समोरासमोर उभं राहणं, यांत फार अंतर असतं. तिच्या पोटात गोळा येतो. एका क्षणात तिला कळतं की या गावात आपण कोण म्हणून ओळखले जाणार आहोत. आणि त्याच क्षणी ती ठरवते की नजर चुकवायची नाही. ती आजोबांना ओळख देते, सगळ्यांदेखत त्यांची नात होते, आणि पुढे शेवटपर्यंत कधीही ते नातं झाकत नाही. हे प्रकरण वाचताना मी दर वेळी थांबते. वर चढू पाहणाऱ्या मुलीची गोष्ट सांगताना लेखिकेनं तिला आधी खाली आणून उभं केलं आहे.

कादंबरी विनोदी आहे, पण हसू येतं ते फीबीचं नव्हे. हसू येतं ते उंची मोजत बसलेल्या सगळ्या गावाचं: चर्चवाल्यांना चॅपलवाले हलके वाटतात, आणि कॉपरहेडसारख्या रेल्वेच्या कंत्राटदाराला पैशापुढे सगळेच हलके वाटतात. त्याचा मुलगा क्लॅरेन्स याच गावात मे नावाच्या पाद्र्याकडे शिकायला येतो. अंगानं थोराड, डोक्यानं मंद, आणि व्हायोलिनचं वेड. वाजवतो मात्र वाईट. फीबी पियानोवर त्याला साथ करते. तो सूर सोडतो, लय चुकतो, आणि ती आपलं वादन असं वळवत नेते की ऐकणाऱ्याला त्याचा तोल गेलेला कळूही नये. त्यांच्या पुढच्या सगळ्या संसाराचं मर्म मला या साथीत दिसतं.

पाद्र्याचा मुलगा रेजिनल्ड हुशार आहे, सरळ आहे, फीबीवर त्याचं प्रेम आहे. तिलाही तो मनातून अधिक आवडतो. तरी ती क्लॅरेन्सची निवड करते, कारण त्याच्याशी लग्न म्हणजे तिला आयुष्यभराचं काम मिळणार आहे. तिला हे स्वच्छ दिसतं आणि ती स्वतःशी खोटं बोलत नाही. हीच मुलगी पुढे, कर्जानं गांजलेल्या पाद्र्यानं तिच्याच आजोबांची खोटी सही करून चालवलेली हुंडी हाती धरून ठेवते, आजोबांचा संताप अंगावर घेते आणि त्या घराची अब्रू वाचवते. तिला हिशेबी म्हणून मोडीत काढणाऱ्यांशी माझं पटत नाही ते यासाठी.

ऑलिफंट यांना हिशेब काय असतो ते ठाऊक होतं. १८५९ मध्ये त्यांचे पती रोममध्ये क्षयानं गेले तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या, अंगावर कर्ज होतं, दोन मुलं होती आणि तिसरं पोटात. पुढे भावाचा संसार कोसळला, त्याचीही मुलं त्यांच्याकडे आली. लेखणीवर त्यांनी ही सगळी माणसं पोसली. नव्वदहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. कामाशिवाय बाईचं काय होतं आणि काम असलेल्या बाईचं काय होतं, दोन्ही त्यांनी अंगानं जाणलं होतं. म्हणून फीबीच्या निवडीकडे त्यांनी इतक्या समजुतीनं पाहिलं असावं.

मावशीला अखेर जे स्थळ मिळालं, ते काका गावच्या सहकारी सोसायटीचे सचिव होते. वार्षिक सभेचा अहवाल मावशी लिहायची, रात्री भांडी आवरल्यावर, ओट्याशी उभी राहून. सभेत काका तो वाचत. मावशी मागे बायकांत बसलेली असे. एकदा मी तिच्या मांडीवर होते, आणि वर पाहिलं तर तिचे ओठ हलत होते.

कादंबरीच्या शेवटी क्लॅरेन्स पार्लमेंटात जातो आणि त्याची भाषणं फीबी लिहिते. इंग्लंडमधल्या बायकांना तेव्हा पार्लमेंटच्या निवडणुकीत मत नव्हतं. सभागृहाचं काम ऐकायचं तर वरच्या सज्जात, धातूच्या जाळीआड बसावं लागे. ती जाळी १९१७ पर्यंत तिथे होती. मला फीबी त्या जाळीमागे दिसते. खाली तो उभा राहतो, घसा खाकरतो, आणि पहिलं वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडण्याआधीच तिच्या ओठांवर आलेलं असतं.