दोरीवरची कसरत खेळ आहे की नाही?

आमच्या घरात सध्या एकच वाद चालू आहे. माझी पुतणी अकरावीत आहे आणि गेली सहा वर्षं दोरीचा मल्लखांब करते. दादाचं म्हणणं, आता पुरे. वहिनीचं म्हणणं, आवडतंय तर करू दे. वादाचं मूळ एका कॉलेजात आहे. तिथे खेळाडूंसाठी राखीव जागा आहेत, पण यादीत मल्लखांब नाही. "हा सर्कशीतला प्रकार, खेळ कुठे?" असं तिथल्या एका गृहस्थांनी दादाला तोंडावर सांगितलं.

मला ते लागलं. पण राग बाजूला ठेवून विचार केला, खेळ म्हणायचं कशाला?

दोरीला एकही गाठ न मारता, पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांत ती पकडून वर जायचं, तिच्याच विळख्यात आसनं करायची आणि तोल न घालवता उतरायचं. परीक्षक अवघडपणा, सफाई, वेळ बघून गुण देतात. जिम्नॅस्टिक्समध्ये याहून वेगळं काय होतं? दोरावर चढण्याची शर्यत तर १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्येच होती आणि १९३२ पर्यंत अधूनमधून होत राहिली. तेव्हा 'विचित्र' काय आणि 'खरा खेळ' काय, हे काळ ठरवतो. ब्रेकिंग हा रस्त्यावरचा नाच २०२४ ला पॅरिसमध्ये पदकाचा खेळ झाला. २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या यादीत तो नाही.

आपण बडोदेकरांनी तर हे घराजवळच पाहिलंय. १९२३ मध्ये इथल्या हिंद विजय जिमखान्याने हुतुतूचे नियम छापले. गावोगाव वेगळा खेळला जाणारा खेळ कागदावर एक होऊ लागला. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदक होतं. मधे सदुसष्ट वर्षं गेली!

मल्लखांबही त्याच वाटेवर आहे. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याची प्रात्यक्षिकं केली. २०१३ मध्ये मध्य प्रदेशाने त्याला राज्याचा खेळ केलं. खेलो इंडियात तो आला. या खेळासाठी सागर ओव्हळकरांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तर उदय देशपांडे सरांना २०२४ ला पद्मश्री.

तरीही 'आपला खेळ प्राचीन आहे, म्हणून ऑलिंपिकमध्ये घ्या' हे मला पटत नाही. जुनेपणाला गुण नसतात. ऑलिंपिकची पूर्वीची अटच बघा. पुरुषांसाठी चार खंडांतले किमान ७५ देश, स्त्रियांसाठी तीन खंडांतले ४० देश. २०१९ मध्ये मुंबईत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा देश होते पंधराच्या आसपास. पल्ला लांब आहे, हे कबूल करायला लाज कसली?

आणखी एक. परदेशात खांबावरच्या कसरतीचा 'पोल स्पोर्ट्स' नावाचा खेळ आहे. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा महासंघांच्या संघटनेने त्याला निरीक्षक दर्जा दिला, तेव्हा आपल्यातलेच कितीजण हसले! त्याचं मूळ नाचाच्या क्लबात, म्हणून तो हलका. आपलं मूळ आखाड्यात, म्हणून तो थोर. हा न्याय नव्हे. नियम, गुण, सुरक्षितता, उत्तेजक द्रव्यांची तपासणी आणि खेळणाऱ्यांची संख्या, या कसोट्या जो पार करेल तो खेळ. मग तो कुठूनही येवो.

पण जगाच्या मान्यतेआधी घरची मान्यता हवी. ऑलिंपिकचं पदक दूर आहे, कॉलेजची यादी मात्र पुढच्या जूनमध्ये बदलू शकते. पुतणीसारख्या मुलींना आज प्रमाणपत्राला किंमत हवी, खाली जाड गादी हवी, प्रशिक्षकाला वेळेवर पगार हवा.

मंडळाला म्हणूनच एक सुचवतो. गणेशोत्सवात दरवर्षी आपण मल्लखांबाचं प्रात्यक्षिक ठेवतो, टाळ्या वाजवतो आणि प्रसाद घेऊन घरी जातो. यंदा प्रात्यक्षिकाऐवजी स्पर्धा ठेवूया. बाहेरचे परीक्षक, फळ्यावर गुण, मुलामुलींना सारखी बक्षिसं आणि अमराठी शेजाऱ्यांच्या मुलांनाही प्रवेश. टाळ्या कौतुकाच्या असतात. गुण लिहिले की त्याच कौतुकाचा खेळ होतो.