कोपऱ्यातला माणूस

कबड्डीत चढाई करणाऱ्याचे नाव मैदानभर घुमते. कोपऱ्यात वाकून उभे राहणाऱ्याचे क्वचितच. दिव्यात राहूनही आम्हांला हे उशिरा उमगले. इथून चार स्थानकांवरच्या कल्याणचा गिरीश इर्नाक हा डावा कोपरारक्षक. त्याची ओळख घोट्याच्या पकडीची: निमिषभर आधी झेपावले तर चढाईपटू सावध होतो, नंतर झेपावले तर गुण घेऊन परततो. 1990 पासून आशियाई क्रीडा स्पर्धांत सलग सात सुवर्णपदके जिंकलेला भारत 2018 साली जकार्तात इराणकडून उपांत्य सामना हरला. कांस्यपदकावर थांबलेल्या त्या संघात इर्नाक होता. आम्हांला ती हार आठवत होती, तो नव्हे. साहित्याच्या वर्गातही आम्ही नायकच शिकवत आलो. त्याला थोपवणाऱ्याचे वाचन आमच्याकडून राहूनच गेले.