नावापुरती डायरेक्टर

फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, म्हणजे नवऱ्याचा धंदा बुडाला तरी अर्धं घर कुठं जात नाही, अशी समजूत घेऊन माझ्याकडे पुष्कळ बायका येतात. समजूत तशी चुकीची नाही. पण गोची घराच्या कागदांत नसते, ती धंद्याच्या कागदांत असते.

आधी समजुतीतला खरा भाग. नवरा दिवाळखोर ठरला तर देणेकऱ्यांसाठी विकली जाते ती त्याची मालमत्ता, बायकोचा हिस्सा नव्हे. हिस्सा किती, यावर मात्र वाद होतो, कारण विक्रीकरारात बहुधा दोन नावं असतात, टक्के नसतात. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं (१८८२) ४५वं कलम सांगतं की ज्यानं जितके पैसे घातले तितका त्याचा हिस्सा. पुरावाच नसेल तर सगळे सारखे धरायचे. म्हणून पहिल्या भेटीत मी पासबुकं मागते. बुकिंगचा चेक कुणाचा, हप्ते कुणाच्या पगारातून गेले, माहेरून आलेली रक्कम कुणाच्या खात्यात पडली. शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाव कुणाचं यावरून घराघरात रुसवेफुगवे होतात. हिस्सा मोजताना त्याला फारसं वजन नसतं.

गृहकर्ज चालू असेल तर हा सगळा हिशेब बँकेनंतर. नवराबायको सहकर्जदार असतात आणि अख्ख्या कर्जाला दोघंही बांधलेली असतात. हप्ते थकले की ६० दिवसांची नोटीस, मग ताबा, मग लिलाव. बँकेचं भागल्यावर उरेल त्यातच काय ते हिस्से.

एका बाईंचं गृहकर्ज मात्र फिटलेलं होतं. त्या लॅबमध्ये टेक्निशियन, नवऱ्याची भोसरीत जॉबवर्कची छोटी कंपनी. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) निम्म्याहून जास्त हप्ते त्यांच्या पगारातून गेलेले, प्रत्येक नोंद पेन्सिलनं खूण करून आणलेली. इतकी चोख फाइल मला क्वचितच बघायला मिळते. कंपनीच्या कॅश क्रेडिटचं मंजुरीपत्र तिच्यात सगळ्यात मागं होतं. त्याला जोडलेल्या हमीपत्राच्या प्रत्येक पानाखाली दोन सह्या. दुसरी बाईंची.

"मॅडम, कंपनीत मी दसऱ्याला मशीनच्या पूजेपुरती जायचे. ह्यांनी सांगितलं, दोन डायरेक्टर लागतातच, तू नावापुरती ये."

लागतातच, हे खरं आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला किमान दोन संचालक हवेत. बाहेरचा माणूस घ्यायची धास्ती, भाऊ नोकरीत, मग उरते बायको. पुढं कंपनी कर्ज काढते तेव्हा बँक सहसा सगळ्याच संचालकांची वैयक्तिक हमी मागते, आणि जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. म्हणजे बाईंच्या हिश्श्यापर्यंत पोचायला बँकेला नवऱ्याच्या दिवाळखोरीची वाट बघायची गरजच नव्हती. रस्ता थेट त्यांच्या सहीवरून जात होता. पेन्सिलीच्या खुणांनी हिस्सा सिद्ध झाला असता, पण वाचला नसता.

अशा जामीनदारांना २०१६चा दिवाळखोरी कायदा १ डिसेंबर २०१९पासून लागू झाला. कंपनीचं प्रकरण मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात (एनसीएलटी) असेल तर जामीनदाराचंही तिथंच चालतं. आधी परतफेडीची योजना. ती फसली तर दिवाळखोरीचा हुकूम होऊ शकतो, आणि मालमत्ता विश्वस्ताच्या हाती जाते. त्यातून वगळलेल्या वस्तूंत राहतं घरही आहे. पण ते बोजा नसलेलं हवं, आणि शहरात २० लाखांपर्यंतचं, खेड्यात १० लाखांपर्यंतचं. पुण्यात २० लाखांत काय मिळतं हे वाचकांना सांगायला नको. धर्माप्रमाणे अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने सुटतात, तेही एक लाखापर्यंतच. बाकी साध्या कर्जदारांसाठी अजून ब्रिटिशांचेच कायदे आहेत, मुंबईत १९०९चा आणि जिल्ह्यांत १९२०चा. दुसऱ्यात देण्याची किमान मर्यादा ५०० रुपये लिहिलेली आहे!

बाईंच्या दिरांनी तोडगा आणला होता: नवऱ्याचा हिस्सा मुलीला बक्षीसपत्रानं देऊन टाकायचा. महाराष्ट्रात राहतं घर जोडीदाराला किंवा मुलांना बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क २०० रुपये, त्यामुळे हा सल्ला फार लवकर सुचतो. मी नको म्हटलं. दिवाळखोरीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांत जवळच्या नातलगाशी झालेला व्यवहार कायदा कमी किमतीचाच धरून चालतो, आणि विश्वस्त तो रद्द करून घेऊ शकतो. त्याआधीचा असला तरी देणेकऱ्यांना चकवण्याच्या हेतूनं केला असं दिसलं, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं ५३वं कलम आहेच. शिवाय कोर्टासमोर माणूस लबाड दिसतो, ते वेगळंच.

गंमत अशी की भाऊबंदांच्या वाड्याला कायद्यानं याहून बरी कुंपणं घातली आहेत. तिघा भावांच्या अविभक्त वाड्यातला एकाचा हिस्सा बाहेरच्यानं विकत घेतला, तरी त्याला वाड्यात बिऱ्हाड थाटता येत नाही. त्यानं वाटणीचा दावा लावला तर उरलेले भाऊ कोर्टानं ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा घेऊ शकतात. ही सोय १८९३च्या कायद्यातली. घरात कोण राहतं, याचा विचार निदान तिथं झालेला दिसतो. दोन बेडरूमच्या फ्लॅटमधल्या बायकोमुलांसाठी तसा विचार आपल्या दिवाळखोरी कायद्यात मला सापडत नाही. इंग्लंडमध्ये बायकोमुलं राहत असलेलं घर विकायची परवानगी मागितली, तर दिवाळखोरीच्या पहिल्या वर्षात कोर्ट त्यांच्या गरजा मोजतं. त्यानंतर मात्र अगदी अपवादात्मक कारण नसेल तर देणेकऱ्यांचं पारडं जड धरलं जातं. एक वर्ष म्हणजे काही फार नव्हे. पण मुलीची दहावी पार पडते, भाड्याचं घर शोधून होतं. आपल्याकडे किमतीची मर्यादा घातली, मुदतीची घातली नाही. माझ्या मते उलट करायला हवं होतं.

बाईंनी शेवटी विचारलं, "आता संचालकपद सोडलं तर?" राजीनाम्यानं हमी संपत नाही. चालू हमी पुढच्या व्यवहारांपुरती मागं घ्यायची असेल तर करार कायद्याच्या १३०व्या कलमाखाली बँकेला वेगळी नोटीस द्यावी लागते. आजवरचं देणं डोक्यावर राहतंच. त्यातही बँकेच्या छापील मसुद्यात हा हक्क आधीच सोडून दिल्याचं एखादं कलम असू शकतं, आणि ते सर्वोच्च न्यायालयानं ग्राह्य धरलेलं आहे. बाईंच्या हमीपत्रात ते होतं, बाराव्या पानावर. मग आम्ही दोघी त्यांचा हिस्सा बाजूला ठेवून बँकेशी एकरकमी तडजोडीच्या आकड्यावर बोलायला बसलो.