थाळनेरचा एक दिवस

दोंडाईच्यात सुट्या लागल्या की गाड्या निघतात त्या तोरणमाळला, सापुताऱ्याला, नाहीतर सारंगखेड्याच्या यात्रेला. थाळनेरचं नाव सहसा कुणी काढत नाही. खान्देशावर दोनशे वर्षं राज्य केलेल्या फारुकींची ही पहिली राजधानी. घरातल्या पोरांनी ती पाहिलीच पाहिजे, असा मी हट्ट धरला आणि पौषात सगळ्यांना गाडीत घातलं. मिरचीच्या पथाऱ्या मागे टाकत शिंदखेडा, नरडाणा, मग सावळद्याच्या पुलावरून तापी ओलांडून शिरपूर, तिथून पूर्वेला थाळनेर.

आधी फारुकींचे मकबरे पाहिले. फिरोजशहा तुघलकाने 1370 मध्ये फारुकींचा मूळपुरुष मलिक राजा याला हा मुलूख दिला. 1399 मध्ये मलिक राजा वारला आणि इथेच पुरला गेला. त्याचा मुलगा नासीरखान याने पुढे बुऱ्हाणपूर वसवलं, तरी त्याचीही कबर थाळनेरलाच आहे. एक मकबरा बहुकोनी आहे. त्याच्या भिंतीवरच्या नक्षीजवळ डोळे नेऊन आम्ही बराच वेळ उभे होतो. दगडातली फुलं इतकी बारीक कोरलेली की धाकट्या भाचीने प्रत्येक पाकळीवरून बोट फिरवलं. आजूबाजूला मात्र वाळलेलं गवत. सावलीला झाडं लावली, बसायला दोन बाकं टाकली, मराठीत नीट माहिती लिहिली, तर आसपासच्या गावांतली माणसं डबे घेऊन इथे येतील. एवढं व्हावं असं मला मनापासून वाटतं.

किल्ला थेट तापीवर आहे. आता मातीचा उंच ढिगारा, मधूनच डोकावणारी तटबंदी आणि खाली नदीचं भलंमोठं वळण. 1818 च्या जानेवारीत मंदसोरच्या तहाने होळकरांनी हा मुलूख इंग्रजांना सोडला. 27 फेब्रुवारीला जनरल हिस्लॉप किल्ला ताब्यात घ्यायला आला. आतले लोक शरण यायला तयार झाले होते, तरी दरवाजात चकमक होऊन इंग्रज अधिकारी पडले, तेव्हा आतली शिबंदी कापून काढण्यात आली आणि किल्लेदार तुळशीराम मामा यांना फाशी दिली गेली. हे सांगताना दंगा करणारी पोरं गप्प झाली. ‘त्यांनी तर शरण यायचं ठरवलं होतं ना?’ असं थोरल्याने विचारलं. त्यावर मला धड उत्तर देता आलं नाही.

नदीकाठी निंबाखाली कळण्याची भाकरी, ठेचा, भरीत सोडलं. लता मंगेशकरांच्या आई शेवंतीबाई याच गावच्या, हे वहिनींना माहीत नव्हतं. कळल्यावर जेवणं होईस्तोवर गाणीच चालली.

पोरांना आता बुऱ्हाणपूर बघायचं आहे. थाळनेरहून फारुकींची राजधानी कुठे गेली, ते बघायलाच हवं, असं त्यांचं म्हणणं. दोंडाईच्याहून भुसावळपर्यंत रेल्वे आहे, पुढे गाडी बदलायची. उन्हाळा लागायच्या आत निघू.