राजमाचीच्या वाटेवरचा बलक

पावसाळ्यातल्या रविवारी पहाटेची कर्जत लोकल उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरची पोरं भरून निघते. कर्जतहून टमटमने कोंदिवडे, तिथून पायी राजमाची. कॉलेजात असताना आम्हीही असेच जायचो. वाटेत कोंडाणे लेणी लागते. वरच्या कड्याचं पाणी थेट तिच्या तोंडावर कोसळतं, म्हणून सगळ्यांसाठी ती नुसती धबधब्याची जागा. आम्ही तिथे बसून वडापाव खाल्ले, फोटो काढले. ट्रेकला नेणारा म्हणाला, पांडवांनी एका रात्रीत कोरली. घरात बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर असलेल्या आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. त्याला काय दोष द्यायचा? आपण चैत्यात उभे आहोत, हे आम्हालाच कळलं नव्हतं.

पुढे आमच्यातला एक जण धम्मलिपी शिकला. मग पाऊस सरल्यावर आम्ही पुन्हा गेलो, फक्त लेणीसाठी. चैत्याच्या दर्शनी भागात डाव्या अंगाला एका भल्यामोठ्या मूर्तीचं डोकं तेवढं उरलं आहे. शेजारी एक लहानशी ओळ, धबधब्याकडे बघणाऱ्याला कधीच न दिसणारी. त्याने हात न लावता एकेक अक्षर वाचलं. कण्हाचा शिष्य बलक, त्याने हे केलं. एवढंच. दोन हजार वर्षं ते नाव तिथे आहे. राजाची स्तुती नाही, आणि पांडव तर नाहीतच.

'एका रात्रीत' हे गोड वाटतं, पण त्यात छिन्नी धरणारे हात पुसले जातात. लाकडी घराच्या तुळया आणि जाळ्या जशाच्या तशा कातळात उतरवायला किती उन्हाळे गेले असतील!

त्या डोंगराखालून उल्हास नदी वाहते. तीच बदलापूरच्या बॅरेजवरून आमच्या नळाला येते. 1949 मध्ये निर्वासितांच्या छावणीला उल्हासनगर नाव मिळालं, ते तिच्यावरूनच. म्हणजे ज्या खोऱ्यात बलक राबला, त्याच खोऱ्याचं पाणी आपण रोज पितो.

आता आम्ही दरवर्षी पोरांना नेतो. भिजा, कोणी अडवत नाही. पण भिंतीवर नावं खरडणाऱ्यांत आपलीही पोरं आहेत, 'जय भीम' लिहिलं म्हणून ते खरडणं माफ होत नाही, हे तिथेच उभं राहून सांगतो.

मागच्या खेपेला अंबरनाथच्या एका शाळकरी मुलीने ती ओळ वहीत उतरवून घेतली. मग विचारलं, "बलकाचं नाव कळलं. बाकीचे किती जण होते?"

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.