हळदीकुंकवाची बदके

संक्रांत झाली की मंडईतून निघणाऱ्या पिशव्या फुगलेल्या असतात. सोलाणा, गाजरे, बोरे, उसाचे करवे, हलव्याची पुडी, शिवाय लुटायला डझनभर डब्या. रथसप्तमीपर्यंत उसंत म्हणून नाही. तरी त्यातली एक सकाळ बाजूला काढा. मी तुम्हाला एका वेगळ्याच हळदीकुंकवाला बोलावते आहे. वाण आणू नका. साडी मात्र साधी, मातकट रंगाची नेसा. भडक रंगाला तिथल्या सवाष्णी बिचकतात!

जायला सोपे आहे. २०२४ च्या सप्टेंबरपासून मंडईला भुयारी मेट्रो थांबते. तिने जिल्हा न्यायालय स्थानकापर्यंत जावे, तिथे रामवाडीची गाडी धरावी, कल्याणीनगरला उतरावे आणि रिक्षावाल्याला नदीकाठी सालिम अली पक्षी अभयारण्याकडे न्यायला सांगावे. आपल्या पेठांच्या कडेने गेलेली मुठा संगमावर मुळेला मिळते. त्याच दोघींचे पाणी इथे वाहत असते.

पहिल्यांदा मी थोरल्या जाऊबाईंना घेऊन गेले होते. काठावर येताच त्यांनी पदर नाकाला लावला. "अगं बाई, काय हा चिखल! आणि वास तरी किती! इथे कोण येतं?"

"अहो, थांबा तरी जरा," मी म्हटले.

पाण्याच्या कडेला तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची बदके होती. दुर्बीण त्यांच्या हातात दिली. काळ्या चोचीचे टोक हळदीत बुडवल्यासारखे पिवळे आणि चोच कपाळाला मिळते तिथे दोन तांबडे ठिपके. जाऊबाई हसायलाच लागल्या. मराठीत त्याचे नावच हळदीकुंकू बदक आहे. हे इथलेच, बारा महिन्यांचे.

पाहुणे येतात ते उत्तरेकडून, दिवाळीच्या आगेमागे. थापट्या घ्या. त्याची चोच उलथन्यासारखी रुंद. कडेला बारीक कंगव्यासारखे दाते असतात. पाणी तोंडात घ्यायचे, दात्यांतून बाहेर सोडायचे आणि अडकलेले किडे, बिया गिळायच्या. आपली गाळणीच की! चक्रवाक येतो तो लडाख, तिबेट, मध्य आशियाकडून. अंगाचा रंग केशरी आणि फिरणे बहुधा जोडीने. रात्री ही जोडी ताटातूट होऊन नदीच्या दोन तीरांवरून एकमेकांना हाका मारते, असे संस्कृत कवींनी म्हणून ठेवले आहे. विणीचा काळ जवळ आला की यांच्यातल्या नराच्या गळ्यात काळी बारीक कंठी उमटते. म्हणजे मंगळसूत्र नवरोबांच्या गळ्यात, बरं का! माघात ती दिसू लागते.

या पाहुण्यांना आपण माहेरवाशिणी म्हणतो खरे, पण बाळंतपण तर त्यांचे तिकडे उत्तरेत होते. म्हणजे माहेर तिकडचे आणि आपण सासरचे. मग सासरी त्यांची व्यवस्था काय, ते पाहायला नको?

ज्या चिखलाला जाऊबाईंनी नाक मुरडले, ते त्यांचे स्वयंपाकघर आहे. यातली बरीच बदके खोल बुडी मारत नाहीत. शेपूट वर आणि डोके खाली करून चोच पोचेल तेवढ्याच पाण्यातले खातात. म्हणून त्यांना हवा उतरता, उथळ, गवताळ काठ. आपल्याला सारे झाडलेले, सरळ रेषेत बांधलेले आवडते. पण उभ्या भिंतीला लागून खोल पाणी आले की यांची चूल विझली. २०२२ च्या मार्चमध्ये पायाभरणी झालेली नदीकाठ सुधारण्याची योजना मुळा, मुठा आणि मुळामुठा मिळून सुमारे ४४ किलोमीटरची आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुणेकरांनी काठावरच्या झाडांसाठी चिपको आंदोलन केले ते यामुळेच. फिरायला पायवाट मलाही हवी आहे. पण सगळा काठ आपल्याच पायांसाठी का?

वासाचे मात्र जाऊबाईंचे म्हणणे खरे. तो चिखलाचा नव्हे, आपल्या न्हाणीघरांतून आणि मोऱ्यांतून जे जाते त्याचा. सोलापूर रस्त्याला हडपसरच्या पुढे कवडीपाटला नदीवर जुना बंधारा आहे. तिथे चक्रवाक चांगले दिसतात, आणि बंधाऱ्याला अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्याही. त्यांतली एखादी मंडईतून माझ्याच हातून गेलेली नसेल कशावरून? जाऊबाई तिथे बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "यंदा डब्या नकोत बाई लुटायला. तांदूळ देऊ, नाहीतर गूळ."

होळीच्या सुमाराला पाहुण्यांची परतीची लगबग सुरू होते, तेव्हा जायचे तर येत्या रविवारीच जा. उजाडता निघा, चहा घरच्यांना करून घेऊ द्या. साडेनऊपर्यंत परत मंडईत पोचता येते, आणि भाजी तेव्हाही ताजीच असते.