खोक्याचे पदर



पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात पहाटे गेलात, तर फळबाजारात फळाइतकाच पुठ्ठा नजरेत भरेल. एके काळी फळ बुरडाच्या करंडीतून नाही तर लाकडी पेटीतून यायचे. आता डाळिंब, द्राक्षे, आंबा यांना पुठ्ठ्याचे खोके आले. विस्तार अधिकारी म्हणून माझी उमर बहार, खते आणि फवारण्या सांगण्यात गेली. पण यार्डात उभे राहिले की कळते, वर्षभराची मेहनत शेवटी त्या खोक्याच्या हवाली असते. थप्पीतले खालचे खोके दबले की फळ चेपते आणि भाव पडतो. मग आपण म्हणतो, "पुढच्या खेपेला जाड पुठ्ठा घेऊ." जाडीला पैसे मोजण्याआधी, मंडळी, जरा त्या खोक्याचे पोट पाहा.

एक जुने खोके फाडा. दोन सपाट कागदांच्या मध्ये नागमोडी कागद चिकटवलेला दिसेल. हा झाला तीन प्लायचा पुठ्ठा. तीन सपाट आणि दोन नागमोडी असले की पाच प्लाय. गोठ्यावरचा पत्रा आठवा. सपाट पत्रा माणसाच्या वजनाने वाकतो, तोच पन्हळी केला की भार पेलतो. इथेही तेच. बळ कागदाच्या ढिगात नाही, पन्हळीत आहे. या पन्हळी कागदाचा जन्म टोप्यांसाठी झाला, हे ऐकून हसू येईल. 1856 साली इंग्लंडमध्ये उंच टोपीच्या आतल्या पट्टीसाठी त्याचे पेटंट घेतले गेले. माल बांधायला तो आला 1871 मध्ये, अमेरिकेत.

सगळे पदर सारख्या कागदाचे असण्याची गरज नसते. बाहेरचा कागद लांब धाग्याचा, चिवट हवा, कारण ओढाताण त्याला सोसायची असते. आतली पन्हळ रद्दीच्या किंवा उसाच्या चिपाडाच्या कागदाचीही चालते. कागद जितक्या वेळा भिजवून पुन्हा केला, तितका त्याचा धागा आखूड होतो. पुण्यात शिवाजीनगरला 1940 साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेचा चिंध्यांपासून केलेला कागद चिवट, तो कापसाच्या लांब धाग्यामुळेच. म्हणून चांगला कागद बाहेर आणि हलका आत, ही काटकसर शहाणपणाची. हलका कागद बाहेरही लावून वर नुसता तपकिरी रंग दिलेला असेल, तर ती काटकसर कारखानदाराची, तुमची नव्हे. ओल्या बोटाने घासून पाहा, लगेच लगदा सुटला तर ते खोके पावसाळ्यात घेऊ नका.

गेल्या आंबे बहाराला एका बागायतदाराची पाच प्लायची खोकी दबली. तीन प्लायपेक्षा जास्त पैसे मोजलेले, म्हणून त्या घरातल्या बाई फार हळहळल्या. थप्पी पाहिली तर गवंड्याने वीट लावावी तशी, सांधेमोड करून रचलेली. विटेला ते ठीक. खोक्याचा भार मात्र चार कोपरे पेलतात. कोपऱ्यावर कोपरा आला नाही, तर ताकद निम्म्यापर्यंत उतरते. त्यात थप्पी ओल्या जमिनीवर होती. दमट हवेत पुठ्ठा कितीही जाड असला तरी मऊ पडतो, आणि आंबे बहाराची तोडणी नेमकी पावसाळ्यात. खाली फळ्या टाकून कोपरे जुळवले असते तर जादा पैशाचे चीज झाले असते.

खोके घेताना पन्हळीच्या नळ्या उभ्या आहेत ना, तेही पाहा. मांडवाचे खांब आडवे ठेवून छप्पर टिकते का? हवेची भोके कोपऱ्याला लागून नकोत.

आता मापाचे. बारा इंच लांब, बारा रुंद, बारा उंच खोक्याला, चिकटपट्टी सोडून, 8 चौरस फूट पुठ्ठा लागतो. तेच 15 लांब, 8 रुंद, 15 उंच केले, तर 7.35 चौरस फुटांत भागते, आणि माल थोडा जास्तच मावतो. कारण तोंड अरुंद झाले की वरखालच्या पाकळ्या लहान होतात. मात्र हे बेदाण्याच्या पुड्यांना चालेल. डाळिंबाचे पंधरा इंच थर लावले तर तळचे फळ वरच्या फळांच्याच भाराने चेपेल. फळाचे खोके उथळच हवे. तिथे कागद जास्त गेला तरी जाऊ द्यावा. कागद वाचवायचा आणि फळ घालवायचे, हा हिशेब मला कधी पटला नाही.

खरेदीला जाताना तराजू सोबत न्या. सारख्या मापाची, सारख्या प्लायची दोन कारखान्यांची रिकामी, कोरडी खोकी तोला आणि दोन्हींत कागद किती जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅमचा, ते विचारा. मग एक खोके भरून जमिनीवर ठेवा, वर थप्पीइतके वजन रचा आणि रात्रभर तसेच राहू द्या. सकाळी कोपरे पाहूनच शेकड्याची मागणी द्या.